बिनतारी सेन्सरांची जाळी : संशोधन कुठवर आले, जमिनीवर किती उतरले

गेली पंचवीस वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयांत एम.टेक.च्या प्रबंधासाठी जे विषय हमखास निवडले गेले, त्यांत ‘वायरलेस सेन्सर नेटवर्क’ बराच वरचा. भोपाळ याला अपवाद नाही. १९६० साली मौलाना आझाद कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी म्हणून सुरू झालेली आणि २००२ मध्ये एनआयटी झालेली ‘मॅनिट’, १९९८ मध्ये स्थापन झालेले राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय आणि त्याला संलग्न असलेली खासगी महाविद्यालये, अशी या विषयाला पूरक साखळी इथे आहे. संगणकीय बुद्धिमत्ता आणि दळणवळण जाळ्यांवरील ‘सीआयसीएन’ परिषद नोव्हेंबर २०१० मध्ये, बिनतारी व प्रकाशीय दळणवळणावरील ‘डब्ल्यूओसीएन’ जुलै २०१३ मध्ये आणि ‘सीएसएनटी’ एप्रिल २०१४ मध्ये भोपाळमध्येच भरली होती.

याच शहरात पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीतला तलाव आहे, काळ्या मातीवर काम करणाऱ्या दोन केंद्रीय कृषी संस्था आहेत आणि जगातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक दुर्घटनेची जागाही आहे. निबंधातले जाळे आणि मापनाची खरी गरज एकाच शहरात शेजारीशेजारी नांदत असल्याने या क्षेत्राचा हिशेब मांडायला भोपाळ सोयीचे आहे. हे क्षेत्र कुठून आले, त्यातले मुख्य मतप्रवाह कोणते आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा.

१. विषय नेमका कोणता

सेन्सर जाळ्यातला प्रत्येक ‘नोड’ म्हणजे एक छोटा संगणक, एक-दोन सेन्सर, एक कमी ताकदीचा रेडिओ आणि बॅटरी. तापमान, ओलावा, कंपन, वायूचे प्रमाण असे काहीतरी तो मोजतो आणि शेजारच्या नोडकडे पाठवतो. असे करत करत माहिती ‘गेटवे’पर्यंत आणि तिथून इंटरनेटवर जाते. दोन नोडमधला पल्ला साधारणपणे दहा मीटरपासून शंभर मीटरपर्यंत असतो. ब्लूटूथ, झिगबी, एनएफसी, आरएफआयडी ही याच कमी पल्ल्याच्या कुटुंबातली भावंडे. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, तेही याच कुळातले तंत्र आहे. त्यासाठी वापरला जाणारा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ मध्ये कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. पुढे २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला.

२. पार्श्वभूमी

मूळ कल्पना लष्करी आहे. अमेरिकेच्या ‘डार्पा’ने १९८० च्या सुमारास विखुरलेल्या सेन्सरांच्या जाळ्यावर कार्यक्रम हाती घेतला होता, पण तेव्हाची उपकरणे ट्रकमधून न्यावी लागत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बर्कलेमध्ये क्रिस्टोफर पिस्टर आणि सहकाऱ्यांनी ‘स्मार्ट डस्ट’ची कल्पना मांडली: धुळीच्या कणाएवढे सेन्सर हजारोंच्या संख्येने उधळायचे आणि त्यांनी आपसांत जुळवून घेत जाळे तयार करायचे. धूळ प्रत्यक्षात आली नाही. आगपेटीएवढे ‘मोट’ मात्र आले आणि त्यांच्यासाठी ‘टायनीओएस’ नावाची इवलीशी कार्यप्रणालीही आली.

पुढची काही वर्षे घडामोडींनी भरलेली होती. २००० साली एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ‘लीच’ हा प्रोटोकॉल मांडला. २००२ मध्ये इयान अकिल्दिझ आणि सहकाऱ्यांचा सर्वेक्षण-निबंध आला आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे तो पहिले पाठ्यपुस्तक झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील मेन राज्याच्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत मोट बसवून त्यांच्या घरट्यांतले हवामान मोजण्यात आले. २००३ मध्ये ‘आयईईई ८०२.१५.४’ हे मानक ठरले आणि २००४ च्या अखेरीस त्यावर उभारलेले झिगबीचे पहिले विनिर्देश मंजूर झाले. प्रयोगशाळेतल्या विषयाला बाजारातली चौकट मिळाली ती इथे.

भारतात पहिली पावले शेतीच्या दिशेने पडली. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडची ईपीएफएल यांनी कर्नाटकातल्या दुष्काळी पावगड तालुक्यात ‘कॉमन-सेन्स नेट’ हा प्रकल्प केला. आयआयटी मुंबईत उदय देसाई आणि सहकाऱ्यांनी ‘ॲग्रिसेन्स’ प्रकल्पात नाशिकच्या द्राक्षमळ्यात सेन्सर लावले. केरळात मुन्नारच्या उतारावर अमृता विद्यापीठाने दरड कोसळण्याची पूर्वसूचना देणारे जाळे उभारले. हे तिन्ही प्रकल्प आजही संदर्भासाठी काढले जातात, कारण त्यांनी जाळे चार भिंतींबाहेर काढले.

३. सगळे विजेभोवती का फिरते

या क्षेत्रातले बहुतेक निबंध ऊर्जाबचतीचे आहेत. त्यामागचे गणित साधे आहे. २००४ च्या सुमारास आलेला ‘टेलॉसबी’ मोट पाहा. दोन पेन्सिल सेल, दहा किलोबाइट रॅम आणि सेकंदाला २५० किलोबिट पाठवणारा रेडिओ. या रेडिओच्या चिपला पूर्ण ताकदीने बोलताना १७.४ मिलिॲम्पिअर वीज लागते आणि ऐकताना १८.८. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकणे महाग. सेलची क्षमता अडीच हजार मिलिॲम्पिअर-तास धरली, तर सतत कान देऊन बसलेला नोड साडेपाच दिवसांत गळतो. तोच नोड शंभरातला एकच भाग वेळ जागा राहिला, तर निव्वळ रेडिओच्या हिशेबाने दीड वर्ष चालतो.

म्हणून या विषयातला मूळ प्रश्न ‘कधी झोपायचे आणि कधी उठायचे’ असा आहे. शेजारी बोलणार त्याच क्षणी जागे असणे हे सगळे कौशल्य. २००२ चा ‘एस-मॅक’ आणि २००४ चा ‘बी-मॅक’ ही त्याची सुरुवातीची उत्तरे. ‘लीच’ने वेगळी वाट धरली. नोडचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक म्होरक्या नेमायचा, त्याने सर्वांची माहिती एकत्र करून पुढे पाठवायची आणि एकाच नोडची बॅटरी संपू नये म्हणून म्होरकेपण आळीपाळीने फिरवायचे. मूळ निबंधातल्या शंभर नोडच्या जाळ्यात सुमारे पाच टक्के म्होरके सर्वांत फायद्याचे ठरले.

कल्पना देखणी होती आणि सुधारायला सोपीही होती. म्होरक्या निवडताना उरलेली बॅटरी बघा, अंतर बघा, फजी लॉजिक लावा, मुंग्यांच्या वसाहतीवरून सुचलेले अल्गोरिदम लावा, अशा ‘लीच’च्या शेकडो आवृत्त्या जगभर निघाल्या. भारतातल्या महाविद्यालयांतून तर त्यांचे पीकच आले.

४. पहिला मतप्रवाह : आधी प्रोटोकॉल, मग मैदान

या निबंधांतली बहुसंख्य कामे सिम्युलेटरवर होतात. ‘एनएस-२’, मॅटलॅब किंवा तत्सम साधनांत नोड पसरायचे, जुना आणि नवा प्रोटोकॉल चालवायचा, ‘पहिला नोड कधी मेला’ याचा आलेख काढायचा. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आहे, पण तिच्या समर्थकांचे म्हणणेही भक्कम आहे.

पहिली गोष्ट, हजार नोडचे जाळे प्रत्यक्ष उभारणे बहुतेक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुसरी, मैदानात हवा, पाऊस, माणसे सगळेच बदलत असते. दोन अल्गोरिदमांची बरोबरीने तुलना करायची तर परिस्थिती गोठवावी लागते आणि ते संगणकावरच जमते. तिसरी गोष्ट व्यावहारिक आहे. एम.टेक.चा प्रबंध वर्षभरात संपवायचा असतो. परदेशी बनावटीच्या मोटची खरेदी, निविदा आणि सीमाशुल्क यांतच सहा महिने जातात. फुकट मिळणाऱ्या सिम्युलेटरवर विद्यार्थी निदान क्यू, टक्कर, विलंब, ऊर्जेचे प्रारूप या गोष्टी हाताने करून शिकतो.

शिवाय कागदावरचे सगळेच वाया गेले असे म्हणता येत नाही. ठरावीक दहा मिलिसेकंदांच्या खिडक्या आणि दर खेपेला वारंवारता बदलणे ही संशोधनातून आलेली कल्पना २००७ च्या ‘वायरलेसहार्ट’ या कारखान्यांसाठीच्या मानकात उतरली आणि २०१२ मध्ये ८०२.१५.४ च्या सुधारित रूपातही आली. आज तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांत तारेविना चालणारी मापके याच तत्त्वावर काम करतात.

५. दुसरा मतप्रवाह : आधी गरज, मग जाळे

समोरच्या बाजूचे सर्वांत नेमके शब्द भारतातूनच आले. आयआयटी मुंबईचे भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००८ मध्ये एका टीकालेखात निरीक्षण नोंदवले की या क्षेत्रात दोन वेगळी गावे वसली आहेत: एक प्रोटोकॉल रचणाऱ्यांचे, दुसरे प्रत्यक्ष वापरासाठी यंत्रणा बांधणाऱ्यांचे. दोन्ही गावे एकमेकांचे संदर्भ क्वचितच देतात आणि दिले तरी वरवरचे. हा योगायोग नसून पहिल्या प्रकारच्या कामातल्या दोषांचा परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे. उपाय म्हणून वापराची गरज आधी ठरवा आणि खालून वर बांधत या, असे त्यांनी सुचवले.

ते स्वतः या वाटेने गेले होते. आयआयटी कानपूरमध्ये असताना त्यांच्या गटाने रेल्वेपुलांचे आरोग्य तपासणारी ‘ब्रायमॉन’ ही यंत्रणा आखली. पूल हलतो तो गाडी आल्यावर, म्हणून नोड एरवी झोपलेले असतात आणि गाडीची चाहूल लागताच उठून कंपने मोजतात. जमलेली माहिती ते पुलावरून जाणाऱ्या पुढच्या गाडीवरच चढवतात. पुलाच्या प्रत्येक गाळ्याचे जाळे स्वतंत्र आणि वेगळ्या वाहिनीवर. अशी मांडणी केल्यावर मार्ग शोधण्याच्या गुंतागुंतीच्या प्रोटोकॉलची गरज जवळजवळ संपते.

सिम्युलेशनच्या गृहीतकांवरही याच काळात बोट ठेवले गेले. डार्टमथ कॉलेजच्या डेव्हिड कॉट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सहा चुकीची गृहीतके मांडली. जग सपाट आहे. रेडिओचा पल्ला वर्तुळाकार असतो. सर्वांचा पल्ला सारखा असतो. मला तू ऐकू येतोस म्हणजे तुला मी ऐकू येतो, वगैरे. प्रत्यक्ष मोजमापात यातले एकही टिकले नाही. २००५ च्या आणखी एका पाहणीत, फिरत्या बिनतारी जाळ्यांवरच्या एका नामांकित परिषदेतले सिम्युलेशनवर आधारलेले ११४ निबंध तपासले गेले. पंधरा टक्क्यांहून कमी निबंधांतले प्रयोग वाचकाला पुन्हा करता येण्याजोगे होते.

मैदानात उतरणे मात्र सोपे नाही, याचा दाखला हॉलंडमधून मिळतो. बटाट्याच्या शेतात करपा कधी येणार हे ओळखण्यासाठी तिथल्या संशोधकांनी शंभराच्या आसपास नोड लावले. हंगामाअखेर अपेक्षित माहितीपैकी जेमतेम दोन टक्के हाती आली. प्रोटोकॉलमधल्या चुका, वाढलेल्या पानांनी शोषलेले रेडिओतरंग, ऐनवेळी बदललेला प्रोग्राम, असे सगळेच नडले. आपले अपयश त्यांनी तपशिलाने छापले, म्हणून हा निबंध आजही वाचला जातो.

६. तिसरा मतप्रवाह : जाळे ठीक, पण आकडा खरा आहे का?

तिसऱ्या गटात जाळे विणणारे कमी आणि मापनशास्त्र, माती, पाणी, हवा यांचे अभ्यासक जास्त. त्यांचा मुद्दा असा की बॅटरी संपण्याच्या कितीतरी आधी सेन्सर खोटे बोलू लागतो.

भोपाळचा मोठा तलाव हे याचे चांगले उदाहरण. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा सुमारे ३१ चौरस किलोमीटरचा हा जलाशय शहराच्या जवळपास चाळीस टक्के लोकांना पिण्याचे पाणी पुरवतो. २००२ मध्ये भोज पाणथळ क्षेत्र रामसर यादीत आले. पातळी १६६६.८० फुटांवर गेली की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात; ही एक गोष्ट मोजणे तुलनेने सोपे आहे. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, आम्लता सतत मोजणे वेगळे. सांडपाणी आणि शेतांतली खते मिसळलेल्या उबदार पाण्यात सेन्सरच्या तोंडावर थोड्याच दिवसांत शेवाळाचा आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. आकडे येतच राहतात, मात्र ते तलावाचे नसून त्या थराचे असतात. कोणीतरी नाव घेऊन जायचे, सेन्सर पुसायचा आणि ठरावीक द्रावणात बुडवून पुन्हा प्रमाणित करायचा, याला पर्याय अजून नाही.

मातीचेही तसेच. भोपाळजवळच्या नबीबागेत १९७६ पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे आणि तिथेच १९८८ मध्ये स्थापन झालेली भारतीय मृदा विज्ञान संस्थाही आहे. माळव्यातली सोयाबीन-गव्हाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओलावा मोजणाऱ्या सेन्सरच्या पात्याला माती घट्ट चिकटलेली असावी लागते. भेग पात्याशेजारून गेली की मध्ये हवा शिरते आणि सेन्सर ‘कोरडे, कोरडे’ म्हणू लागतो, वितभर पलीकडे ओल असली तरी. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही माती सांगायला नको. वालुकामय मातीत प्रमाणित करून आलेला सेन्सर इथे तसाच चालत नाही.

हवेबाबत महाराष्ट्रात एक पद्धतशीर चाचणी झाली. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१ मध्ये मुंबई महानगर प्रदेशात चार भारतीय नवउद्योगांचे ४० स्वस्त सेन्सर मंडळाच्या प्रमाणित केंद्रांशेजारी लावून त्यांचे आकडे ताडून पाहिले. कमी किमतीच्या सेन्सरांचे पाठीराखे या चाचणीकडे आशेने बघतात: महागड्या केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागा अशा सेन्सरांनी भरता येतील. सावध अभ्यासकांचे म्हणणे असे की धूलिकण मोजणारा स्वस्त सेन्सर प्रकाश विखुरण्यावर चालतो, पावसाळी दमट हवेत कण फुगतात आणि आकडा चढतो. त्यामुळे प्रत्येक शहरात, प्रत्येक ऋतूत सुधारणेचे सूत्र नव्याने बसवावे लागते.

७. जाळे की मनोरा?

गेल्या दहा वर्षांत एक नवाच वाद पुढे आला. नोडवरून नोडवर उड्या मारत माहिती न्यायचीच कशाला? फ्रान्समध्ये विकसित झालेले ‘लोरा’ तंत्र २०१२ मध्ये सेमटेक कंपनीकडे गेले, २०१५ मध्ये त्याची आघाडी स्थापन झाली आणि २०१६ मध्ये मोबाइल जाळ्यांसाठी ‘एनबी-आयओटी’चे मानक आले. यांत प्रत्येक नोड काही किलोमीटर दूरच्या मनोऱ्याशी थेट बोलतो. श्यामला टेकडीसारख्या उंच जागी एक गेटवे बसवला, तर मोठ्या तलावाचा बराच भाग थेट दृष्टीत येऊ शकतो. मग पाण्यावर तरंगणाऱ्या नोडांची साखळी कशाला, असा या बाजूचा सवाल आहे.

त्याला उत्तरही आहे. लोराच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या प्रकारात वीसेक बाइटचा निरोप जायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. नोड वाढले की निरोप एकमेकांवर आदळतात. पुलाची कंपने किंवा यंत्राचा आवाज यांसारखी दाट माहिती त्यातून जाणारच नाही. एनबी-आयओटीला मोबाइल कंपनीचे सिम आणि तिचे भाडे लागते. घरात, कारखान्यात, रुग्णालयात कमी पल्ल्याची जाळी टिकून आहेत. ‘थ्रेड’ आणि २०२२ मध्ये आलेले ‘मॅटर’ मानक त्यांचीच पुढची पायरी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फायची गर्दी हा मात्र त्यांचा कायमचा त्रास आहे. झिगबीच्या सोळा वाहिन्यांपैकी वरच्या एक-दोनच नेहमीच्या वाय-फायच्या कचाट्याबाहेर राहतात.

८. इशारा कोणासाठी

भोपाळमध्ये सेन्सरांची चर्चा २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीला वगळून होत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होते. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. रात्री अकराच्या सुमारास दाब चौरस इंचाला दोन पौंडांवरून दहावर गेल्याची नोंद झाली, पण ती नेहमीच्या मर्यादेत बसत होती आणि मापकांवर कामगारांचा भरवसाही राहिला नव्हता. गळतीचा पहिला विश्वासार्ह इशारा मिळाला तो कामगारांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांतून.

यातून दोन वेगळे निष्कर्ष काढले जातात. एक : मापके जास्त, स्वस्त, एकमेकांची पडताळणी करणारी आणि मालकाच्या ताब्याबाहेर माहिती पाठवणारी असती तर वेळ मिळाला असता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धुराचे सतत ऑनलाइन मोजमाप बंधनकारक केले, त्यामागे हाच विचार आहे. दुसरा : आकडा होता, त्यावर हालचाल झाली नाही, त्यामुळे देखभाल, प्रशिक्षण, भोंगा कोणी वाजवायचा आणि वस्तीला काय सांगायचे हे ठरल्याखेरीज नोड वाढवून फारसे साधत नाही. मुन्नारच्या दरड-जाळ्याबाबतही हाच प्रश्न येतो. तिथे संशोधकांना तांत्रिक कामाबरोबर गावकरी आणि प्रशासन यांच्याशी इशाऱ्याची पद्धत ठरवावी लागली.

सतत मोजमापाची दुसरी बाजू खासगीपणाची. कोविडच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य सेतू’ या सरकारी ॲपने ब्लूटूथच्या संकेताची तीव्रता पाहून माणसांची जवळीक मोजली. तंत्राच्या अंगाने अडचण अशी की संकेताची तीव्रता म्हणजे अंतर नव्हे; खिशातला फोन आणि हातातला फोन वेगवेगळे अंतर सांगतात. नागरिकांच्या अंगाने प्रश्न असा की ही माहिती कोणाकडे आणि किती दिवस राहणार. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत भोपाळची निवड झाली, तेव्हापासून रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांबाबत आणि सेन्सरांबाबतही हे विचारले जाते. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा यावर काही चौकट देतो, पण सरकारी यंत्रणांना त्यातून किती सूट असावी यावर मतभेद आहेत.

९. काय सुटले, काय उरले

काही गोष्टींवर आता फारसा वाद उरलेला नाही. रेडिओ झोपवून ठेवण्याचे तंत्र परिपक्व झाले आहे. एकाच प्रोटोकॉलने शेत, पूल आणि कारखाना तिन्ही चालतील ही आशा मावळली आहे. सिम्युलेशन हवेच, पण त्याची गृहीतके उघड मांडावीत आणि कोड खुला ठेवावा, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

उरलेले प्रश्न तीन आहेत. पहिला मूल्यमापनाचा. ‘जाळे किती दिवस जगले’ ही जुनी मोजपट्टी होती. ‘किती दिवस खरे आकडे दिले’ ही नवी असावी असे अनेकांना वाटते, पण ती मोजायची कशी यावर एकमत नाही. दुसरा पैशाचा. प्रकल्पाच्या निधीत उपकरणे बसतात, पाच वर्षे तलावावर जाऊन सेन्सर पुसणाऱ्या माणसाचा पगार बसत नाही. तिसरा शिक्षणाचा. पूर्वी मोट महाग होते. आता काही शे रुपयांत रेडिओसह मायक्रोकंट्रोलर मिळतो. म्हणजे सिम्युलेशनला धरून राहण्याचे किमतीचे कारण कमी झाले आहे, वेळेचे आणि परीक्षापद्धतीचे कारण तसेच आहे. वर्षभराच्या प्रबंधात एक पावसाळा तरी नोड बाहेर ठेवावा, की तेवढ्यासाठी सांख्यिकीची आणि रचनेची खोली सोडू नये, यावर विभागांमध्ये खरा मतभेद आहे.

यापैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर केवळ रेडिओच्या अभ्यासातून मिळणार नाही. मृदाशास्त्रज्ञ, जलतज्ज्ञ, सांख्यिकीतज्ज्ञ आणि दळणवळण अभियंते यांचे संयुक्त प्रबंध अजून विरळाच. भोपाळमध्ये या चारही विषयांची माणसे एकाच शहरात आहेत. त्यांना एका प्रयोगावर आणणारी व्यवस्था उभी राहिली, तर रामन आणि चेब्रोलू यांनी २००८ मध्ये नोंदवलेली दोन गावांमधली दरी खरोखर किती भरते, हे इथे तपासून पाहता येईल.